पाटकरी गांजाच्या दुकानात

अकरा दिवस नेल्डाच्या पोटात काही टिकलं नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी तिने बर्फाचा एक खडा चोखला आणि त्याचं पाणीसुद्धा परत आलं. आर्डन स्टोकरने भांडं विसळून जागेवर ठेवलं, हात पुसले, टोपी घातली आणि पलंगाशी येऊन उभा राहिला.

"मी नदीपलीकडे जाऊन येतो."

नेल्डाने डोळे उघडले नाहीत. "कशाला?"

"नर्स जे बोलली नाही, ते आणायला."

नर्स खरोखरच बोलली नव्हती. उलटीवरच्या तिन्ही गोळ्या उलटीतूनच बाहेर पडतात हे तिने लिहून घेतलं होतं आणि बॅग मिटता मिटता खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली होती, "मी पडले आयडाहोची नर्स, मला काही सांगता येत नाही. पण लोक पुलावरून जातात आणि येतात, एवढं दिसतं मला." नदीच्या अलीकडे, म्हणजे आयडाहो राज्यात, गांजाचं पान जरी जवळ सापडलं तरी हातात बेड्या. नदीच्या पलीकडे, ऑरेगनमध्ये, पावाच्या दुकानासारखी त्याची दुकानं. एकच नदी, पण दोन तीरांवर दोन कायदे.

नेल्डाला बोलायला ताकद गोळा करावी लागे, हे आर्डनला माहीत होतं. तो थांबला.

"आण मग," ती म्हणाली. "पण आणशील तर उजळ माथ्याने आण. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस कुणाशी. जे काय थोडं राहिलंय, त्यात मला तसलं काही नको."

"बरं," आर्डन म्हणाला. असा शब्द द्यायला त्याला कधीच जड गेलं नव्हतं.

एकेचाळीस वर्षं झाली, तो सेजफील्डच्या कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या शेताचं दार किती इंच उघडायचं, कुणाची पाण्याची पाळी कधी संपते, हे तोच ठरवायचा. कोरड्या वर्षी त्या गावातले लोक पाण्यासाठी सख्ख्या भावावर फावडं उगारतात. पण आर्डनने सांगितलं की तुझं पाणी संपलं, तर समोरचा शिव्या घालत का होईना, दार बंद करायचा. एका उन्हाळ्यात वरिष्ठांचा हुकूम मोडून त्याने एका विधवेच्या बीटच्या शेताला रात्रभर पाणी सोडलं होतं आणि सकाळी स्वतःच वहीत तसं लिहून ठेवलं होतं. त्याबद्दल त्याचा महिन्याचा पगार कापला गेला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. कायदा मोडणं त्याला जमत होतं. जमत नव्हतं ते मोडून नाही म्हणणं.

आणि घर मॉर्मन पंथाचं. तीन पिढ्यांत त्या घरात चहा उकळला नव्हता, कॉफीचा वास आला नव्हता, बिअरची बाटली तर सोडाच. अशा घरातला माणूस त्र्याहत्तराव्या वर्षी गांजा आणायला निघाला होता.

शेजारची लारू नेल्डापाशी बसायला आली. येताना तिने भाजलेल्या बटाट्यांची परात आणली होती, वर चीज आणि मक्याच्या कुरकुरीत पोह्यांचा थर. आर्डनने ती परात पाहिली. त्यांच्या चर्चच्या मंडळीत हे बटाटे मयताच्या घरी न्यायची पद्धत.

"अगं, हे आत्ताच?" तो म्हणाला.

लारूचा चेहरा उतरला. "तुझ्यासाठी रे. तू तरी खा काहीतरी. मला दुसरं काही करता येत नाही, तुला ठाऊक आहे."

ट्रकमध्ये बसून तो चाळीस मैल गेला. पुलावर कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर त्याने सांगितलं असतं कुठे चाललोय ते.

ऑरेगनच्या बाजूचं ते पहिलंच दुकान. समोरच्या पटांगणात तीसेक गाड्या होत्या आणि एक सोडून सगळ्यांच्या नंबरपाट्या आयडाहोच्या. आर्डनने इंजिन बंद केलं आणि आपल्या मंडळीतल्या कुणाची गाडी ओळखीची वाटते का ते पाहिलं. मग आपण असं पाहिलं याचीच त्याला लाज वाटली आणि तो खाली उतरला.

दारावर एक दांडगा तरुण स्टुलावर बसला होता. त्याने लायसन्स मागितलं.

"कशाला?"

"वय बघायला, सर. एकवीस पूर्ण लागतात."

"झालेत."

"तुमच्याकडे बघून अंदाज आला होता," तो म्हणाला, "पण नियम आहे."

आत दवाखान्यासारखा लख्ख उजेड होता आणि वास मात्र रस्त्यावर चिरडलेल्या स्कंकचा, त्या दुर्गंधी सोडणाऱ्या जनावराचा. काउंटरवर बरण्या मांडल्या होत्या. रांगेत आर्डनच्या मागे छपरं शाकारणारा एक माणूस उभा होता, पँटला डांबर लागलेलं. रांग पुढे सरकता सरकता काउंटरपलीकडची मुलगी समोर आली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, यसेनिया.

"पहिल्यांदाच आलात ना?" ती हसून म्हणाली. "घाबरू नका. मला फक्त एवढं सांगा, तुम्हाला कसं वाटायला हवंय?"

हा प्रश्न आर्डनला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्याने टोपी काढली.

"मला काही वाटायला नको," तो म्हणाला. "माझी बायको आजारी आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. अकरा दिवसांत तिच्या पोटात काही राहिलेलं नाही. आम्ही पलीकडचे, सेजफील्डचे. मी तिच्यासाठी न्यायला आलोय. गोळी चालणार नाही, गिळलेलं सगळं बाहेर येतं."

यसेनियाचा हात एका बरणीच्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला. मागचा छपरंवाला हळूच म्हणाला, "अरे आजोबा, आजोबा."

"सर," यसेनिया म्हणाली, "तुम्ही ते घरी नेणार, आयडाहोला?"

"हो."

तिने छताकडे पाहिलं. तिथे कॅमेऱ्याचा काळ्या काचेचा एक गोळा होता. "मग मला देता येणार नाही."

"का?"

"नदीपलीकडे न्यायचंय असं गिऱ्हाइकाने सांगितलं तर विकायचं नाही, असं आहे. विकलं तर माझी नोकरी जाते. दुकानाचा परवाना जातो."

आर्डनने दाराबाहेर बोट दाखवलं. "त्या सगळ्या गाड्या पलीकडच्याच आहेत."

"गाड्यांकडे बघायचं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "पण तुम्ही तोंडाने बोललात ना. मला ते ऐकलं नाही असं म्हणता येत नाही."

"मी खरं तेच सांगितलं."

"तेच तर झालं ना, सर."

छपरंवाला पुढे वाकला. "बाई, याचं वय झालंय, याला काय कळतंय. आजोबा, तुमची कंबर दुखते ना? सांगा हिला कंबर दुखते म्हणून. माझी वीस वर्षं दुखतेय, डॉक्टरला अजून एकदाही सापडली नाही." रांगेतले दोघे-तिघे हसले.

"आता नाही हो चालणार," यसेनिया म्हणाली. "आज तरी नाही. मला खरंच वाईट वाटतंय." आणि तिला वाटत होतं. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवायला बरण्या सारख्या करत होती.

आर्डन बाहेर आला. थोड्या वेळाने छपरंवालाही पिशवी घेऊन आला आणि ट्रकच्या खिडकीवर टकटक करून म्हणाला, "मी आणून देऊ का आत जाऊन? काय हवंय सांगा. थेंब असतात, जिभेखाली घालायचे. माझ्या मेव्हणीला दिले होते शेवटी."

"तुला विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन, कंबर."

आर्डनने मान हलवली. "तुझे उपकार. पण माझं खोटं तुझ्या तोंडून नको."

"आजोबा," तो माणूस म्हणाला, "तुमचं कसं होणार, मला कळत नाही." पण जाताना त्याने गावातल्या दुसऱ्या दुकानाचा रस्ता सांगितला. रेल्वेरुळांच्या पलीकडे, पूर्वी टायरवाला होता तिथे. तिथला गस फार प्रश्न विचारत नाही. "आणि तोंड बंद ठेवा," तो म्हणाला. "फक्त बोट दाखवायचं."

आर्डन स्टिअरिंगला धरून बसला. परत फिरायचं, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. नेल्डाला सांगायचं की गेलो होतो, खरं बोललो, मिळालं नाही. ती म्हणाली असती, बरं झालं. आणि मग तिने तोंड भिंतीकडे केलं असतं. हल्ली ती सारखी भिंतीकडे तोंड करून झोपायची.

फोन वाजला. लारू होती.

"कुठे आहेस?"

"अजून इकडेच."

"तिला परत झाली. आता नुसतं हिरवं पाणी येतंय. पोटात काही नाही रे, तरी थांबत नाही. माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठलेत." लारू थांबली. ती रडत असावी. "आर्डन, ती देवाला म्हणाली, ने आता. मला वाटलं तुला सांगावं."

"येतो," तो म्हणाला.

रुळांपलीकडच्या दुकानात गर्दी नव्हती. टायरचा वास अजून भिंतींना होता. गस म्हणजे पन्नाशीचा, पांढऱ्या वेणीचा, जाड भिंगांचा माणूस. तो जेवत होता. त्याने बरिटो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"थेंब," आर्डन म्हणाला. "जिभेखालचे." आणि बोट दाखवायला समोर काय आहे ते त्याला ओळखता येईना.

"कुणासाठी?"

आर्डनने तोंड उघडलं. "माझ्यासाठी."

एवढंच. त्याला वाटलं होतं, कान पेटतील, पाय जातील. तसं काही झालं नाही. सोपं होतं ते, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. आता हा बाटली देईल आणि आपण निघू, असं त्याने धरलं होतं.

पण गसने कोपर काउंटरवर टेकले. छपरंवाल्याने कशावरून सांगितलं होतं, कुणास ठाऊक. गस प्रश्न विचारणाराच माणूस होता.

"काय होतंय तुम्हाला?"

पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की दार एक इंच उचललं की पुढे काय ते पाणीच ठरवतं. आर्डन म्हणाला, "कॅन्सर. स्वादुपिंडात. फेब्रुवारीत कळलं. आता यकृतात गेलाय."

गसने त्याच्याकडे, त्याच्या उन्हाने रापलेल्या मानेकडे आणि मनगटांकडे पाहिलं. "रंग बरा दिसतोय तुमचा."

"उन्हात असतो."

"हं. दुखतं?"

"पोटातून पाठीत. सुरी फिरवल्यासारखं." हे त्याने डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतं. "उताणं झोपता येत नाही. कुशीवर उशी घेऊन वाकून झोपावं लागतं. आणि उलट्या. वास सहन होत नाहीत. आमच्याकडे सगळीकडे कांद्याची गोदामं, तो वास आला की..." तो थांबला. गस थांबून राहिला. आर्डनने पुन्हा सुरुवात केली. "मी पीच फार खायचो. दर उन्हाळ्यात स्वतः बाटल्या भरायचो, साठ-सत्तर. परवा एक उघडली, एक चमचा तोंडात घातला आणि नुसता धरून ठेवला. गिळायची हिंमत होईना. मग बशीत काढून ठेवला. तो तुकडा तसाच होता, अख्खा. कुणाला तरी वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो, गोड आहे."

त्याने टोपीने तोंड झाकलं. या चार महिन्यांत तो कुणासमोर रडला नव्हता. मंडळीतले लोक येत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, आणि तो त्यांना दारापर्यंत पोचवून म्हणत असे, ठीक आहे, चाललंय. खरं असं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं ते सगळं खरं होतं, फक्त माणूस दुसरा होता.

गस काउंटरला वळसा घालून आला आणि त्याने आर्डनच्या खांद्यावर हात ठेवला. फुकट घेतलेल्या वस्तूसारखा तो हात आर्डनला खांद्यावर जाणवत राहिला. हा हात नेल्डाच्या वाट्याचा होता. तो आपण चोरतोय असं त्याला वाटलं.

"घरी बघायला कोणी आहे?" गसने विचारलं.

"आहे," आर्डन म्हणाला. मग म्हणाला, "बायको."

"झोप मिळते तिला?"

"नाही. खुर्चीत बसून असते. बुटांसकट."

"तिला म्हणावं, बूट तरी काढत जा."

गसने एक छोटी तपकिरी बाटली काढली, तिला ड्रॉपर होता. "चार थेंब. जिभेखाली, आणि दीड मिनिट गिळायचं नाही, बोलायचं नाही. मी डॉक्टर नाही, काम करेल की नाही हे सांगणार नाही. काहींना करतं. काहींना नुसती झोप येते." त्याने पिशवी बंद केली. ती पिशवी मुलांना उघडता येणार नाही अशी होती आणि पुढे आर्डनलाही ती घरी कात्रीने कापावी लागली.

तो पूल ओलांडून आला तेव्हा बाटली शेजारच्या सीटवर उघड्यावर होती. ती लपवायचं त्याच्या मनात आलं नाही.

तो आल्यावर लारू परात तशीच ठेवून गेली. नेल्डा भिंतीकडे तोंड करून पडली होती. चादरीखाली तिचं अंग लहान मुलीएवढं दिसत होतं.

"मिळालं?" तिने विचारलं.

"मिळालं."

"काय सांगितलंस त्यांना?"

आर्डन उभाच होता. वाटेत चाळीस मैल त्याने हे उत्तर जुळवलं होतं, आणि आता त्यातलं काही कामाचं नव्हतं.

"एका दुकानात खरं सांगितलं. त्यांनी दिलं नाही. दुसऱ्यात खोटं बोललो."

तिने चादर खांद्यावर ओढून घेतली.

"तू नको म्हणालीस तर मी ओतून टाकतो," तो म्हणाला. "पण मी तुला विनंती करतो, नेल्डा. मी आजवर तुला कसलीच विनंती केलेली नाही."

"काय खोटं बोललास?"

"आजारी मी आहे म्हणून."

भिंतीकडून एक विचित्र आवाज आला. आर्डनला वाटलं उलटी येतेय, तो भांडं घ्यायला वळला. पण ती हसत होती किंवा हसायचा प्रयत्न करत होती.

"आणि त्याने विचारलं असेल, काय होतंय."

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

त्याने सांगितलं. सुरीचं सांगितलं, कुशीचं सांगितलं, पीचचं सांगितलं. कांद्याच्या वासाचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने मान वळवली, हळूहळू, दोनदा थांबून, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"सुरी म्हणे," ती म्हणाली. "सुरी आत जाते, बाहेर येते, मध्ये थांबते तरी. हे थांबत नाही रे. दाढ दुखते ना, तशी सगळी पाठ. सगळी पाठ दाढ आहे."

"मला वाटलं—"

"आणि कांदा नाही. कांद्याचं मला काही नाही." तिने श्वास घेतला. "तू आहेस. तू कालव्यावरून येतोस ना, तो चिखलाचा वास. एकेचाळीस वर्षं मला तो आवडायचा. आता आला की पोट उलटतं. म्हणून मी भिंतीकडे वळते. तुला वाटतं मी झोपते."

आर्डन एक पाऊल मागे सरला.

"सांगायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "रोज रात्री तू विचारतोस, बरं आहे ना, आणि मी हो म्हणते. मीही बोलतेच आहे की खोटं. फेब्रुवारीपासून. आण ती बाटली."

त्याने तोंडावर रुमाल बांधला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. वास त्याच्या अंगाला होता, तोंडाला नव्हे. तिने जीभ उचलली. जीभ पांढरी आणि भेगाळलेली होती. चारचे पाच थेंब पडले. त्याने घड्याळाकडे बघत दीड मिनिट मोजलं. तिचे डोळे त्याच्यावर होते आणि त्यांत पुढचं वाक्य तयार होतं, दिसत होतं.

दीड मिनिट झालं. तिने गिळलं. भांडं हातात धरून दोघं वाट बघत राहिले. एक मिनिट गेलं, मग दुसरं. तिच्या गळ्याशी काहीतरी हललं आणि खाली गेलं.

"अजून पुष्कळ आहे," ती म्हणाली. "तू त्याला फार थोडं सांगितलंस."

आर्डनने खुर्ची उचलली, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, मागची खिडकी उघडून वारा कुठून कुठे जातोय ते हाताने पाहिलं आणि आपल्या अंगावरून तिच्याकडे जाणार नाही अशा जागी ती ठेवली. बूट काढून खिडकीबाहेर टाकले. मग बसला. तिथून तिचा आवाज जेमतेम पोचत होता, म्हणून तो पुढे वाकला आणि म्हणाला, "सांग."